सोन्या, मी पडले नव्हते

लातूर,
23 नोव्हेंबर 2025

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर आपलं दोघांचं काही धड होत नाही. तू ‘ऐक ना’ म्हणतोस तेव्हा माझं बोलणं चालू असतं, आणि मी ‘आता तू ऐक’ म्हणेपर्यंत तू फोन ठेवलेला असतोस. मागच्या रविवारी तेच झालं. म्हणून हे कागदावर. शाळेच्या उरलेल्या दुरेघी वहीचीच पानं आहेत, हसू नकोस.

आधी एक सांगते, गोव्याच्या ट्रायथलॉनचं, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या त्या शर्यतीचं. मी पडले नव्हते. मामाच्या पोरीने ग्रुपवर टाकलेल्या फोटोत मी तंबूत खुर्चीवर बसलेय, मानेवर बर्फाची पिशवी, तोंड उघडं, डोळे मिटलेले. फोटो वाईटच आहे. पण त्या तंबूत मला कुणी उचलून आणलेलं नाही, मी माझ्या पायाने चालत गेले. तू म्हणालास, ‘पप्पांसारखं झालं असतं म्हणजे?’ त्यावर मला रागात काहीच बोलता आलं नाही. आता सावकाश सांगते.

(बीपी मोजलंस का? पिंकीने मला सांगितलंय, तिला रागावू नकोस. पुढे बोलू.)

पोहणं 1.9 किलोमीटर, सायकल 90, पळणं 21.1, आणि सगळं मिळून मुदत साडेआठ तास. हे आकडे तुला पाठ आहेत, कारण लॉकडाऊनमध्ये तूच मला त्या जपानी आजोबांचा व्हिडिओ दाखवला होतास. हिरोमु इनादा. 2018 साली हवाईला 85 व्या वर्षी याच्या दुप्पट अंतर, म्हणजे 3.8, 180 आणि 42.2, सतरा तासांच्या आत पुरं केलं त्यांनी. पोहायला लागले तेच मुळी निवृत्त झाल्यावर. तू म्हणाला होतास, ‘बघ आई, तुला अजून तीस-बत्तीस वर्षं आहेत.’ तेव्हा गंमत होती. मी मनावर घेतलं ही माझी चूक का तुझी?

पोहणं मला येत होतं, हे पिंकीलासुद्धा माहीत नव्हतं. अण्णांनी शिकवलं, मळ्यातल्या मोटेच्या विहिरीत. पाठीला डालड्याचा रिकामा डबा बांधायचा आणि थारोळ्यावरून ढकलून द्यायचं. पोरीच्या जातीला कशाला, असं आजी ओरडायची. अण्णा म्हणायचे, विहीर घरची आहे, पोर घरची आहे, मग पोहायचं कुणी? आठ दिवसांनी डबा सोडला. त्या दिवशी पाण्यात पाठ इतकी हलकी वाटली की मी घाबरून परत काठाला आले. नंतर चाळीस वर्षं पाण्यात पाय नाही. कुठलं पाणी आणि कुठलं पोहणं! 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं आपल्याला. पहिल्या दिवशी दहा वाघिणी, पाच लाख लिटर. तू पुण्याहून आलास आणि अर्ध्या बादलीत आंघोळ करून तेच पाणी संडासाला ठेवलंस, न सांगता. त्या गावची बाई समुद्रात पोहायला निघाली तर लोक हसणारच. शेजारच्या काकूंनी तर तोंडावर विचारलं, ‘बाई, घालणार काय?’ घोट्यापर्यंतचं आणि मनगटापर्यंतचं घातलं. काकूंना दाखवलं पण. त्या म्हणाल्या, माझ्या मापाचं मिळतंय का?

तलावात लांबी मारणं वेगळं, त्याला दोन्हीकडे भिंत असते. मिरामारच्या किनाऱ्यावर उभं राहिले तेव्हा भिंत कुठंच नव्हती. दंडावर मार्करने चार आकडी नंबर काढलेला, घोट्याला वेळ मोजायची चिप पट्ट्यात बांधलेली, जाड तोड्यासारखी. आजूबाजूला सगळी तुझ्या वयाची पोरं. एकाने मला विचारलं, ‘आंटी, कुणाला सोडायला आलात?’ मी टोपी डोक्यावर ओढून दाखवली. बिचारा इतका ओशाळला की पुढे सायकलवर मला गाठून ‘सॉरी आंटी’ म्हणून गेला.

पहिल्या दोनशे मीटरमध्येच माझा श्वास अडकला. खारं पाणी नाकात गेलं, लाट कुठून येते कळेना, तळ दिसेना. आमच्या विहिरीचाही तळ दिसायचा नाही, पण तिथं वर अण्णा बसलेले असायचे. मी हात वर केला. कयाकवाला पोरगा आला, त्याच्या कयाकला धरून राहिले. धरलेलं चालतं, फक्त त्याने आपल्याला पुढे ओढायचं नाही, असा नियम आहे. तिथं धरून मी पाढा म्हटला. एकोणतीसचा. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. चौतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेला पाढा, तो झोपेतही चुकत नाही. दाहेपर्यंत पोचले तोवर श्वास जाग्यावर आला होता. मग सोडलं आणि निघाले. हात मारताना तोंडात तोच पाढा. एक तास पाच मिनिटं लागली, मुदत एक तास दहाची होती. वाळूवर पाय लागला तेव्हा मला रडू आलं, पण कुणाला दिसलं नसेल, सगळीच ओली होती.

तुझं म्हणणं होतं की असल्या शर्यतीत माणसं दगावतात ती बहुतेक पाण्यातच. खरं आहे. मीही वाचलं होतं, तुला सांगितलं नव्हतं. म्हणूनच जाण्याआधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, टू-डी इको, साखर, सगळं करून घेतलं. फाईल कपाटात निळ्या पिशवीत आहे. माझं बीपी 124/78. तुझं ऑफिसातल्या तपासणीत 152/98 आलं आणि तू पिंकीला म्हणालास की मशीन खराब असेल. मशीन असतं खराब एखादं. मग दुसऱ्या मशीनवर मोज ना बाळा! सकाळी उठून, पाच मिनिटं शांत बसून, चहाच्या आधी, आठ दिवस, आणि वहीत लिहून ठेव. 140/90 च्या वर राहिलं तर ते बीपीच. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून ते नाही असं होत नसतं.

बघ, सुरू झाला मास्तरीणपणा. ठरवलं होतं की पत्रात हा विषय एकदाच काढायचा. माफ कर.

सायकलचं फार सांगण्यासारखं नाही. ग्रॅच्युइटीतून घेतली तेव्हा मामा म्हणाला होता, एवढ्यात तोळाभर सोनं आलं असतं. सोनं घालून लामजना पाटीपर्यंत जाऊन येता आलं असतं का मला? दोन वर्षं पहाटे जुन्या सायकलवर औशाच्या रस्त्याने गेले, ट्रकवाले हॉर्न मारून मारून ओळखायला लागले होते. गोव्यात चढ होते, चार तास दोन मिनिटं लागली. खिशात शेंगदाणा-गुळाचे लाडू होते, त्यांचा घामाने चिखल झाला, तसाच खाल्ला. लातूरचं नाव काढणारा एक आवाज रस्त्याकडेला आला, ‘लातूरकर, दाबा!’ कोण होतं देव जाणे. माझ्या कपड्यावर लातूर लिहिलेलं पिंकीने हट्टाने करून घेतलं होतं.

आता पळण्याचं.

आपल्या उन्हाला मी भीत नाही. मे महिन्यात बेचाळीसमध्ये जनगणनेची, मतदानाची कामं केली आहेत डोक्याला पदर बांधून. पण आपलं ऊन कोरडं. घाम येतो, वाळतो, आणि वाळताना अंग निवतं. गोव्याचं ऊन ओलं आहे. हवेतच इतकं पाणी की घाम वाळायला जागा नाही, नुसता ओघळतो आणि आतली आग आतच राहते. हे मी विज्ञानात शिकवलंय, बाष्पीभवन, मडक्यातलं पाणी गार का होतं. अंगावर कळलं ते तिथं. पाण्याबरोबर मीठही घेत होते, नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं म्हणून. तरीही बाराव्या किलोमीटरपासून पाय माझे राहिले नाहीत. तेराव्याला दंडावर काटा आला. भर दुपारी, त्या उन्हात, थंडी वाजल्यासारखा काटा. मी हात पुसला तर कोरडा. घाम थांबला होता.

मला कळलं होतं, सोन्या. तरी दोन किलोमीटर मी ‘आलंच की’ म्हणत रेटले. हे तुला सांगायला लाज वाटते, पण खोटं सांगून काय. मग मनाला धरायला म्हणून पाढा काढला. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न, एकोणतीस त्रिक. पुढे काही नाही. परत पहिल्यापासून म्हटलं. एकोणतीस त्रिक. फळा पुसल्यासारखं झालं. सकाळी समुद्रात लाटा तोंडावर घेत म्हटलेला पाढा दुपारी सरळ रस्त्यावर येईना. तेव्हा मी घाबरले. पायांना नाही, त्या पाढ्याला.

घड्याळात सात तास एकोणचाळीस मिनिटं झाली होती. उरलं होतं सहा किलोमीटर आणि वर थोडं, हातात 51 मिनिटं. हे गणित मी आता रोज करते. नेटाने पळलं असतं तर होत होतं. झोकांड्या खात का होईना, पोचले असते कदाचित, आणि गळ्यात पदक घातलेला फोटो तुम्हाला आला असता. मी पंधराव्याच्या पाटीपाशी वळले, तंबूत गेले आणि म्हटलं, मला बरं वाटत नाही, मला पाढा येत नाहीये. ती डॉक्टर मुलगी मराठी नव्हती, तिला पाढा कळला नाही, पण कपाळाला हात लावून तिने लगेच खुर्चीवर बसवलं. ताप 102 च्या वर होता. मानेला, काखेत बर्फ लावला. एका पोराने खाली बसून घोट्याचा पट्टा सोडून घेतला. तेवढं मात्र लागलं मला. विहिरीत डबा सोडला होता तसंच पाय एकदम हलका झाला, आणि तो हलकेपणा नको होता.

अर्ध्या तासाने सत्त्याऐंशी आठवलं. मोठ्याने म्हणाले. मुलगी हसली.

मला आणखी एक सांगायचंय, पप्पा गेले त्या मंगळवारचं. तुला मी आजवर सांगितलं नव्हतं. पप्पांचे कपडे आवरताना कोटाच्या आतल्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली. दहातली दोन घरं फुटलेली, आठ तशीच. पट्टीवर मेडिकलवाल्याने पेनाने ‘रोज 1’ लिहिलेलं. मी रोज रात्री विचारायचे, गोळी घेतली का, आणि ते रोज हो म्हणायचे. त्यांना बरं वाटत होतं म्हणून घेतली नाही, एवढंच. माणूस वाईट नव्हता, खोटारडाही नव्हता, माझी कटकट टाळत होता. तुझा ‘हो आई, बघतो’ अगदी त्याच सुरात येतो. चालही त्यांचीच आहे तुझी, आवाजही. किल्लारीच्या भूकंपाच्या रात्री तू माझ्या पोटात होतास आणि आम्ही तिघं अंगणात बाजेवर पहाट होईस्तोवर बसलो होतो, तेव्हा ते म्हणाले होते, हा पोरगा हालवून हालवून घट्ट झालेला निघणार. तसाच निघालास. कामाला घट्ट, बोलायला घट्ट. रात्री दोनपर्यंत लॅपटॉपवर बसून तू त्या हिंजवडीच्या ऑफिसचं किती करतोस ते मला माहीत आहे. शाळेत सगळ्यांना सांगत असते, अजूनही, निवृत्त झाल्यावरही जाऊन सांगते. पण दोनपर्यंत बसू नकोस.

पुन्हा तेच. खोडत नाही, राहू दे.

तू विचारलंस, परत जाणार का? जाणार. पुढच्या वर्षी मी 55 ते 59 च्या गटातच असेन अजून. तुला राग येईल, येऊ दे. पण या वेळी दुपारच्या दमट हवेची सवय करायला आधी पंधरा दिवस कोकणात राहीन, मामीचं घर रिकामंच आहे. आणि पाढा अडला की थांबीन, हे तुला लिहून देते. तेराव्याला थांबीन, पंधराव्याला नाही.

दंडावरचा नंबर तीन दिवस गेला नाही. खोबरेल, बेसन, सगळं लावून पाहिलं. चौथ्या दिवशी निघाला तर मला करमेना.

येळवसेला, वेळ अमावास्येला, ये. मळ्यात कडब्याची कोप, म्हणजे खोप, करायला मामा एकटाच आहे यंदा, कडबा उचलायला माणूस नाही. भज्जी, आंबील, उंडे, खीर, सगळं करणार आहे. तुझ्या वाटणीच्या भज्जीत मीठ कमी घालू, का नेहमीसारखं, तेवढं आधी कळव. मशीनवरचे आठ दिवसांचे आकडे बघूनच कळव.

पिंकी म्हणाली, दादाला पत्र कशाला, व्हॉट्सअॅप कर. तिला म्हटलं, त्यावर निळी खूण येते आणि उत्तर येत नाही.

तुझी,
आई

ता. क. : लाडूचा डबा मामाबरोबर पाठवतेय. पाठवताना झाकण बांधलंय, डबा परत आण.