फिजिओताई, अण्णांची पोटरी मोजलीत म्हणून थँक्यू

ताई, तुम्हाला आठवत असेल नसेल, आम्ही अण्णांना गुडघ्यासाठी आणलं होतं. वय 71, शुगरला 18 वर्षं झालेली, आणि वर्षभरात वजन 6 किलो उतरलं होतं. आम्हाला वाटलं बरंच झालं की, शुगरवाल्याने बारीकच असावं, पट्ट्याला दोन नवी भोकं मीच पाडून दिली आणि वर कौतुकही केलं. आधी जिथे दाखवायचो तिथे रिपोर्ट बघायचे, गोळी वाढवायची, पुढची तारीख, बाकी कुणी काही बोललं नाही.

तुम्ही गुडघ्याच्या आधी टेप काढलीत. पोटरी 30 सेंटिमीटर, पुरुषाची 34 च्या खाली गेली की शंका घ्यायची म्हणालात. मग हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठबस, 12 सेकंदांच्या आत व्हायला हवी ती अण्णांना 19 लागली, शेवटी तर घडी सुटली आणि खुर्चीचा हात घट्ट धरला त्यांनी. "काका, चरबी नाही गेली, मांस गेलंय," असं म्हणालात तुम्ही. सार्कोपेनिया, म्हणजे स्नायू झिजून ताकद कमी होणं, हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

तुम्ही समजावलंत, जेवल्यावर रक्तात येणारी साखर इन्सुलिनच्या मदतीने सगळ्यात जास्त ओढून घेतात ते स्नायूच, म्हणजे ती साखरेची कणगी, कणगीच लहान झाली तर माल ठेवणार कुठे, आणि इन्सुलिन नीट चालेना की स्नायू अजून झिजतात, कणगी अजून लहान! अण्णा शेतकऱ्याच्या घरातले, त्यांना हे लगेच पटलं. इतकी वर्षं आम्ही फक्त भात आणि साखर मोजत बसलो होतो याचं फार वाईट वाटतं.

आधी क्रिएटिनीन, म्हणजे किडनी ठीक आहे का ते सांगणारा रिपोर्ट, बघितलंत, मगच प्रोटीन वाढवायला सांगितलंत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आता सकाळी मुगाचं धिरडं नाहीतर दोन अंडी, दुपारी उसळ, दही. चालणं आहेच, पण नुसत्या चालण्याने भागत नाही म्हणून खुर्चीची उठबस, रबर बँड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या.

आठ महिने झाले. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर, 8.9 वरून 7.6, वजन 2 किलो वाढलंय आणि या वेळी कुणी घाबरलं नाही, उठबस 13 सेकंदांत होते. परवा भाचीच्या डोहाळजेवणात हट्टाने खालच्या पंगतीत बसले, आम्ही दोघं उचलायला पुढे झालो तर एक हात जमिनीला टेकून स्वतःच उभे राहिले आणि म्हणाले, त्या ताईंना सांग.

म्हणून सांगतोय.