बियाण्यांचा इतिहास शिवारात जाऊन लिहावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

देशी वाणांच्या जतनाविषयी हल्ली पुष्कळ छापून येते. पण ते जतन आजवर कुणी आणि कसे केले, याचा इतिहास लिहिणारे बहुधा कागदांवरच थांबतात. खानदेशापुरते पाहिले तर १८८० चे गॅझेटिअर, शेतकी खात्याचे अहवाल, बियाण्यांचे नमुने जपणाऱ्या जनुकपेढीतल्या नोंदी. गॅझेटिअरचे मोल मोठेच आहे, मात्र ते राज्यकारभाराच्या गरजेतून लिहिलेले. बांधावरची अंबाडी किंवा सातपुड्यातल्या धडगावच्या उतारावर घरोघर राखलेले मक्या-ज्वारीचे वाण त्या हिशेबात कुठून येणार? जनुकपेढीच्या नोंदीत क्रमांक, गाव, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव असते. कणीस निवडून ठेवणाऱ्या बाईचे नाव सहसा नसते. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीतही बियाण्यांचा साठा राखणाऱ्या शास्त्रज्ञांची कथा जगाला ठाऊक आहे, आणि ती असायलाच हवी. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाविलोव्ह यांनी देशोदेशी फिरून जमवलेले ते बियाणे ज्यांनी दिले, ते शेतकरी मात्र अनामच राहिले.

१९७२ चा दुष्काळ घ्या. दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसे, त्यांना मिळणारी सुकडी, यांवर बरेच लिहिले गेले. पण खायला दाणा नसताना दादर ज्वारीचे बी कोणत्या घरांत टिकले? राखेत ठेवले होते की कडुलिंबाच्या पाल्यात? पुढच्या पेरणीला ते गावाला सवाईने, म्हणजे सव्वापट परत करण्याच्या बोलीवर, मिळाले की तसेच? १९६४ मध्ये सीएसएच-१ हे ज्वारीचे संकरित वाण आले. त्यानंतर खरिपातल्या गावरान ज्वाऱ्या कुठल्या शिवारातून केव्हा गेल्या, आणि रब्बीची दादर काळ्या जमिनीत तग धरून कशी राहिली? भाकरीची चव, कडबा, की आणखी काही? हे सांगू शकणारी, तेव्हा विशीत असलेली पिढी आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

गाडीतून एकदा जाऊन प्रश्नावली भरून आणली, म्हणजे क्षेत्राभ्यास झाला असे नाही. पेरणीला जावे, कापणीला जावे, बी निवडले जाते त्या दिवसांत तर जावेच. अहिराणी, पावरी, भिली समजणारे माणूस सोबत हवे. बायकांशी निवांत बोलावे, कारण बी निवडणे-साठवणे बहुतेक घरी त्यांच्याच हाती असते. आणि ऐकलेले कागदांशी ताडून पाहावे, आठवणीही घसरतात.

याला व्यवहाराची बाजूही आहे. वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांचे हक्क २००१ च्या पीक वाण संरक्षण कायद्याने मान्य केले आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. अशा दाव्यांना पुरावा लागतो, आणि तो गावातूनच उभा राहतो.

खानदेशातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि कृषी विभागांनी मिळून आपल्या विद्यार्थ्यांना हे काम द्यावे, आपल्या दैनिकाने त्याचा पाठपुरावा करावा. नोंदींची एक प्रत, सांगणाऱ्यांच्या संमतीने त्यांच्या नावांसह, त्या-त्या ग्रामपंचायतीत ठेवली जावी, एवढी विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव