प्रेशरचं मशीन आणि एक आठवडा

ती. आई-बाबांस,
सा. न.

मशीन दंडावर पट्टा बांधायचंच पाठवलंय. मनगटाचं मुद्दाम टाळलं, कारण मनगट छातीपेक्षा जरा वरखाली झालं की आकडा बदलतो. सोबत दोन पट्टे आहेत. शिलाईच्या टेपने खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा. २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर लहान पट्टा, त्याहून जास्त असेल तर मोठा. बाबा, तुम्हाला बहुतेक मोठाच लागेल. जाड दंडाला लहान पट्टा आवळला की प्रेशर उगाच जास्त दिसतं आणि नको असलेली गोळी मागे लागते.

दारापुढच्या बाल्कांवातल्या बाकावर बसून मोजू नका. तिथे हात टेकायला मेज नाही, आणि वाटेवरच्या माणसाशी बोलणं होतंच. बोलल्यानेही आकडा चढतो. जेवणाच्या टेबलाशी खुर्चीला पाठ टेकून बसा, पावलं जमिनीवर, पायावर पाय नको. दंड उघडा हवा, बाही गुंडाळून वर सरकवली तर ती आवळते. पट्ट्याची खालची कड कोपराच्या दोन बोटं वर, नळी आतल्या बाजूने. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याशी येईल. गरज पडली तर खाली उशी घ्या. हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा साधारण ४ ने जास्त येतो, लोंबता सोडला तर ६-७ ने. गोळी वाढवायची की नाही हे ठरवताना एवढा फरकही पुरतो.

सकाळी लघवी करून या, पण चहा आणि गोळी दोन्हींच्या आधी मोजा. पाच मिनिटं गप्प बसायचं. मध्येच पोदेराचा भोंगा वाजला आणि पाव घ्यायला उठलात, तर पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. रात्री जेवणाआधी तसंच. पहिल्या दिवशी दोन्ही हात पाहा आणि ज्याचा आकडा जास्त, तोच हात पुढे धरा.

असे सात दिवस. पहिला दिवस सोडून उरलेल्या २४ आकड्यांची सरासरी काढा. घरी १३५/८५ किंवा त्याहून वर म्हणजे प्रेशर जास्त. दवाखान्यात हीच रेघ १४०/९० ची. डॉक्टरांसमोर काहींचं चढतं, तर काहींचं तिथे ठीक आणि घरी जास्त असतं. म्हणून एखाद्या सकाळच्या १४८ ने घाबरू नका, आणि १२६ आला म्हणून गोळी बंद करू नका. गोळी चालू आहे म्हणूनच तो १२६ आहे.

आई, उठताना भोवंड येते ना? बसून मोजल्यावर उभी राहा, एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोज. वरचा आकडा २० ने उतरला तर डॉक्टरांना लगेच सांग. गुडघ्याच्या दुखण्यावरच्या काही गोळ्यांनीही प्रेशर वाढतं, तेही विचार. जेवणात खारे बांगडे असतील त्या दिवशी लोणचं-पापड नको. दिवसाला मीठ सगळं मिळून एक छोटा चमचाच.

१८०/१२० च्या वर गेलं तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मात्र छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं किंवा बोबडी वळणं यातलं काही दिसलं तर मोजत बसू नका, १०८ ला फोन करा.

वहीत तारीख, वेळ, दोन्ही आकडे आणि नाडी लिहा, जसं दिसेल तसं. बरे तेवढे निवडून नको. तपासणीला जाताना वहीसोबत मशीनही न्या, डॉक्टरांच्या मशीनशी ताडून घेता येईल.

तुमची,
लेक