निखारे थंड झाल्याशिवाय निघू नको

प्रिय बेटा,

काल तू फोनवर सांगितलं की होळीच्या सुट्टीत तुम्ही सगळे पुण्याहून येऊन राहिले आणि ती ऑनलाइन मागवलेली बार्बेक्यूची शेगडी काटोलकडच्या आपल्या शेतात लावायची, तर मला इतका आनंद झाला की काय सांगू. पण फोन ठेवल्यावर एक जुनी गोष्ट डोक्यातून जाईना. फोनवर बोललेलं तू अर्धं विसरतो, म्हणून लिहूनच पाठवते.

तू तेव्हा चार वर्षांचा होता. मार्चमध्येच रोडग्यांची पार्टी होती, तीस-पस्तीस माणसं, गोवऱ्यांच्या जगऱ्यात, म्हणजे पेटलेल्या निखाऱ्यात, भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण, सगळं झकास झालं. चारच्या सुमारास निघताना आम्ही जगऱ्यावर चार पावडे माती टाकली, वरून अगदी शांत, पांढरी राख, म्हटलं झालं. संध्याकाळी निरोप आला की शेजारच्या शेतातलं कुटार, जनावरांचा सुका चारा, जळलं. वारा सुटला, माती-राख उडाली आणि खालचा निखारा उघडा पडला. तुझ्या बाबांनी पैसे भरून दिले, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कुटार आणायचं कुठून? त्या माणसाचे दोन बैल आणि एक गाय होती. तो आम्हाला एक शब्द वाकडा बोलला नाही, तेच मला आजही टोचते.

आणि वाईट याचं वाटते की मला हे माहीत होतं. माझी आजी रोज रात्री चुलीतला निखारा राखेत दाबून ठेवायची आणि पहाटे वरची राख सारून फुंकर मारली की तो लालबुंद व्हायचा, काडीपेटी लागायचीच नाही. म्हणजे राखेत, मातीत दाबला की निखारा मरत नाही, टिकतो. हे रोज डोळ्यांनी पाहून मोठी झालेली मी, आणि तरी त्या दिवशी माती टाकून निघून आली.

म्हणून माती नाही, पाणी टाकजो. ते पण एकदम बादली उपडी करू नको, गरम वाफ तोंडावर येते, थोडं थोडं टाकायचं, लांब काडीनं कोळसे उलटेपालटे करायचे, चर्र आवाज येईल, परत पाणी, परत ढवळायचं, आवाज बंद होईपर्यंत. मग हाताची मागची बाजू राखेच्या जवळ नेऊन पाहजो, जराही धग लागली तर अजून थांबायचं. अर्धा-पाऊण तास जाते यात, तो वेळ जेवणाच्या वेळेतच धरायचा, मुलं कंटाळली तरी. आणि पाणी आधीच ड्रममध्ये भरून ठेवजो, मोटर चालू करू म्हणून विसंबून राहू नको, शेतातली लाइन कधी असते कधी नसते तुला माहीतच आहे.

शेगडी लावायची ती विहिरीजवळच्या उघड्या जागेत, आधी झाडून घ्यायची. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीचा ढीग पडला आहे आणि बाजूच्याचा गहू उभा आहे वाळलेला, तिकडे जाऊच नको. आंब्याखाली सावली छान आहे खरी, पण या वर्षी वरच्या फांदीला आग्या मोहोळ बसलं आहे, धूर गेला की माश्या उठतात आणि लेकरांना पळता पण येत नाही. वारा जास्त असला तर शेगडी पेटवूच नका, मी घरी सावजी रस्सा करते, त्यात काय.

तुझा मित्र पेंचकडे जंगलात नदीकाठी करू म्हणत होता ना, त्याला सरळ नाही सांग. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा सिझन असतो, सागाची पानं खाली पापडासारखी वाळलेली असतात, एक ठिणगी पुरते. राखीव जंगलात आग पेटवणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा पण आहे, पण मला गुन्ह्यापेक्षा त्या जनावरांचीच काळजी वाटते. रस्त्यात कुठे जंगलातून धूर दिसला तर १९२६ वर फोन करजो, वनविभागाचा नंबर आहे, मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेव.

पेटवताना रॉकेल-पेट्रोल काही ओतायचं नाही. संध्याकाळी गार वाटलं म्हणून अर्धवट विझलेली शेगडी खोलीत किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवायची नाही, कोळशातून विषारी गॅस निघते, त्याला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. चिकन बर्फाच्या डब्यात ने, कच्च्याची प्लेट भाजलेल्याला वापरू नको. कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट-तूप काही लावू नका. पत्रावळी, हाडं, बाटल्या सगळं पोत्यात भरून परत आणायचं, सोंगणीला येणाऱ्या बाया चपला काढून काम करतात तिथं.

सूनबाईला सांग रोडग्यांचं जाडं पीठ मी दळून ठेवते, तुम्ही तुमचं चिकन करा, मी बाजूला माझे रोडगे लावते. निघताना मुलांना घेऊन तुम्ही गाडीत बसा, पाणी मी आणि तुझे बाबा टाकतो. फक्त आमचं होईपर्यंत हॉर्न वाजवू नको.

तुझी,
आई