आई-बाबांना पत्र: चिऊची शाळा बघायला येण्याआधी

श्टुटगार्ट,
मे २०२६

ती. आई आणि ती. बाबांना
शि. सा. नमस्कार.

व्हिसा हातात पडला हे ऐकून फार बरं वाटलं. जुलैत तुम्ही याल तेव्हा इथल्या शाळेचं वर्ष संपत आलेलं असेल. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या शेवटी लागते आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत चालते. सुट्टीच्या थोडं आधी चिऊच्या शाळेचा शूलफेस्ट आहे, म्हणजे शाळेची वार्षिक जत्राच. त्या दिवशी आजी-आजोबांनाही आमंत्रण असतं. बाबा, तुम्ही फोनवर एकामागून एक प्रश्न विचारता आणि मला दोन वाक्यांत उरकावं लागतं, म्हणून या वेळी सविस्तर लिहिते. एवढी वर्षं रयतच्या शाळेत शिकवलेला माणूस इथल्या शाळेत पाऊल टाकणार आहे. त्यानं आधीच थोडं ओळखून यावं आणि मग नीट, मास्तरांच्या नजरेनं बघावं, असं मला वाटतं.

शाळेला कमान नाही, फाटकावर पहारेकरी नाही. सकाळी पावणेआठला तास सुरू होतो. प्रार्थना नाही, परिपाठ नाही, गणवेश नाही. मुलं ट्राममधून उतरतात, सायकली लावतात आणि वर्गात जातात. मधल्या सुट्टीत आवाज एवढा असतो की तुमच्या कपाळाला आठ्या पडतील. मोठ्या वर्गातली मुलं पायऱ्यांवर पाय पसरून बसलेली असतात आणि शिक्षक शेजारून गेले तरी उठत नाहीत. हा अनादर नव्हे बाबा. कुणी उठून उभं राहावं अशी इथे अपेक्षाच नसते. मात्र शिक्षकांना नावानं कुणी हाक मारत नाही, ‘फ्राउ’ (श्रीमती) किंवा ‘हेर’ (श्री) लावून आडनावच घेतात. आणि मुलं दहावी-अकरावीच्या वयाची झाली की शिक्षकही त्यांना ‘तुम्ही’ म्हणू लागतात. तुमच्या शाळेत सोळा वर्षांच्या पोराला कुणी ‘अहो’ म्हटलेलं मला आठवत नाही.

तुम्ही विचारलं होतं, धाक नाही तर शिस्त येते कुठून? मी वर्षभर बघते आहे, आणि मला दिसलेलं उत्तर असं की मुलांना खरी कामं दिली जातात. फळा पुसणं, वर्ग झाडणं, मैदानातला कचरा उचलणं यांच्या पाळ्या असतात. पण तेवढंच नाही. पाचवीत नवीन आलेल्या प्रत्येक वर्गाला वरच्या वर्गातली काही मुलं पालक म्हणून नेमलेली असतात. चिऊला पहिल्या आठवड्यात खाणावळ कुठे, स्वच्छतागृह कुठे, बदली तासाचा फलक कसा वाचायचा, हे सगळं पंधरा वर्षांच्या एका मुलीनं दाखवलं. दोन मुलांचं भांडण झालं तर ते आधी प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांकडे जातं. ते दोघांना समोरासमोर बसवतात, दोघांचं ऐकून घेतात आणि तोडगा काढायला लावतात. कुणी पडलं, रक्त आलं, तर प्रथमोपचाराची पिशवी घेऊन धावत येतो तोही विद्यार्थीच.

हे बघताना मला सारखी तुमची शाळा आठवते. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हटलं. त्याच वर्षी इकडे जर्मनीत वायमारची राज्यघटना झाली आणि देशभर शाळा सक्तीची झाली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण मुलानं हातानं काम करावं आणि स्वतःचा भार स्वतः उचलावा हा तुमचा आग्रह इथे तुम्हाला ओळखीचा वाटेल. सक्ती मात्र इथे अजूनही कडक आहे. घरी शिकवायला परवानगी नाही. स्वस्त तिकीट मिळतं म्हणून सुट्टीच्या दोन दिवस आधी मुलाला घेऊन निघालं तर दंड होऊ शकतो. आमचं दिवाळीला येणं का जमत नाही ते आई, आता तुझ्या लक्षात येईल.

प्रत्येक वर्ग आपला प्रतिनिधी मतदानानं निवडतो आणि ते सगळे प्रतिनिधी मिळून विद्यार्थ्यांचं मंडळ होतं. शाळेची जी सर्वोच्च समिती असते तिच्यात शिक्षक, पालक आणि विद्यार्थी असे तिघांचेही प्रतिनिधी बसतात. तिथे मुलांच्या हाताची मोजणी मोठ्यांच्या हाताइतकीच होते. पालकांचंही तसंच. वर्षातून दोनदा संध्याकाळी पालकसभा असते. आम्ही मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसतो आणि सहलीचा खर्च, गृहपाठाचं ओझं, मोबाइल यांवर मनापासून वाद घालतो. पहिल्या सभेत मी गप्प होते, कारण पालकांनी शिक्षकांना तोंडावर ‘हे आम्हाला पटत नाही’ म्हणायचं असतं हे मला नवीन होतं. आता मीही बोलते.

बोलण्यावरून चिऊचं सांगायला हवं. इथे गुण उलटे असतात, १ सर्वांत चांगला आणि ६ सर्वांत वाईट. त्या गुणांत लेखी परीक्षेबरोबर वर्गात किती आणि कसं बोललात यालाही मोठा वाटा असतो. चिऊचे पेपर छान होते, पण ती हात वर करत नव्हती. विचारलं तर सांगायचं, न विचारता बोलायचं नाही, हे आपल्या घरचं वळण. तिच्या जर्मनच्या बाईंनी मला बोलावून शांतपणे सांगितलं की तिच्या डोक्यात जे आहे ते वर्गाच्या कामाला यायला हवं, चुकलं तरी चालेल. ‘वर्गाच्या कामाला’ हे मला फार आवडलं. मुलाला येणारं उत्तर हा त्याचा एकट्याचा ठेवा नाही, ते बाकीच्यांनाही मिळालं पाहिजे, असा त्याचा अर्थ. आता ती हात वर करते. आई, जेवताना ती मध्येच तुझं म्हणणं खोडून काढेल, तेव्हा तिला गप्प करू नकोस.

बाबा, शिक्षकांबद्दल तुम्हाला नक्की उत्सुकता असेल. गिम्नाजियुममधल्या, म्हणजे चिऊच्या शाळेसारख्या विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेतल्या, प्रत्येक शिक्षकाचे निदान दोन विषय असतात, आणि गणित व खेळ किंवा लॅटिन व इतिहास अशा जोड्या सहज दिसतात. विद्यापीठाचं शिक्षण झाल्यावर या राज्यात दीड वर्षाची उमेदवारी करावी लागते, अनुभवी शिक्षकाच्या नजरेखाली. नंतर बहुतेक जण सरकारी सेवेत कायम होतात. म्हणूनच एक विनंती आहे. मुख्याध्यापिकाबाईंसाठी शाल आणि श्रीफळ आणायचं तुमच्या मनात आहे हे मला आईनं सांगितलं. तुमचा भाव मला कळतो, पण सरकारी सेवकाला किमती भेट घेता येत नाही आणि त्या अवघडतील. त्याऐवजी शाळेच्या वाचनालयासाठी सातारच्या किल्ल्यांचं चित्रांचं एखादं इंग्रजी पुस्तक आणा. ते त्या आनंदानं ठेवून घेतील.

आता जी गोष्ट मला टोचते ती लिहिते, कारण तुम्ही फक्त चांगलं बघून परत जावं असं मला वाटत नाही. इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. दहा वर्षांचं मूल, आणि ठरतं की ते विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाजियुमला जाणार, की दहावीपर्यंतच्या रेआलशूलेला, की आणखी कुठे. चिऊची बॅच नव्या नियमाची पहिली. शिक्षकांची शिफारस, ‘कोम्पास ४’ नावाची राज्याची चाचणी आणि पालकांची इच्छा, या तिन्हींपैकी दोन गिम्नाजियुमच्या बाजूनं हव्यात. नाहीतर आणखी एक परीक्षा. पहिल्याच वर्षी गणिताचा पेपर इतका अवघड निघाला की राज्यभर ओरड झाली. त्या हिवाळ्यात आमच्या इमारतीतल्या आयांचे चेहरे बघून मला आपल्याकडच्या बारावीच्या घरांची आठवण झाली, फक्त ही मुलं अजून दुधाचे दात पाडत होती.

आमच्या शेजारची मुलगी, चिऊची जिवलग मैत्रीण, गणितात चिऊपेक्षा चपळ आहे. तिचे आजोबा तुर्कस्तानातून इथल्या कारखान्यात कामाला आले होते. जर्मनीनं १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगार आणण्याचे करार केले, त्या लाटेतले. ती रेआलशूलेला गेली. घरी जर्मन भाषेचा अभ्यास घेणारं कुणी नव्हतं, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. २००१ च्या अखेरीस पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीचा पहिला निकाल आला, तेव्हा जर्मनीला धक्का बसला तो यासाठीच. नुसते गुण कमी नव्हते, मुलाचं यश आई-बापाच्या शिक्षणाला इथे फार घट्ट बांधलेलं आहे हे उघड झालं होतं. त्यानंतर पुष्कळ बदललं. या राज्यात २०१२ पासून सगळ्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या शाळाही निघाल्या. पण चौथीची ती फूट राहिलीच.

तरी वाट बंद होत नाही हेही खरं. रेआलशूलेतून दहावी झाल्यावर चांगले गुण असले तर तीन वर्षांच्या व्यावसायिक गिम्नाजियुममधून तीच आबितुअर, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी शेवटची परीक्षा, देता येते. किंवा कारखान्यात नाहीतर दुकानात पगारी उमेदवारी आणि आठवड्यातून एक-दोन दिवस शाळा. त्या वाटेनं गेलेला सुतार किंवा मेकॅनिक इथे ताठ मानेनं जगतो, आणि मला हे आपल्याकडेही व्हावंसं वाटतं. शेजारची ती मुलगी रोज संध्याकाळी आमच्याकडे येते, दोघी मिळून गणित करतात. बाबा, तुम्ही आलात की दोघींना घेऊन बसा. तुमच्या गणिताला भाषा लागणार नाही.

शाळेत जग किती जवळ आलंय ते जत्रेच्या दिवशी दिसेल. श्टुटगार्टच्या जवळपास निम्म्या लोकांची मुळं परदेशात आहेत. चिऊच्या वर्गात इटालियन, क्रोएशियन, ग्रीक आडनावं आहेत. २०२२ नंतर युक्रेनहून मुलं आली. त्यांच्यासाठी आधी जर्मन शिकवणारे वेगळे तयारीचे वर्ग असतात, मग ती नेहमीच्या वर्गांत मिसळतात. पाहुणी मुलंही येत असतात. आमचं शहर १९६२ पासून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गशी भगिनी-शहर म्हणून जोडलेलं आहे आणि १९६८ पासून आपल्या मुंबईशीही. १९६३ साली फ्रान्स आणि जर्मनीत मैत्रीचा करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडच्या मुलांची अदलाबदल चालू आहे. फ्रेंच मूल आठवडाभर जर्मन घरात राहतं, त्यांच्याच ताटात जेवतं, त्यांच्या मुलाबरोबर शाळेत जातं. नंतर जर्मन मूल तिकडे. ज्यांच्या पणजोबांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्यांची ही पोरं एका खोलीत झोपतात. हॉटेलात न उतरवता घरात ठेवायचं, यातच सगळं आलं. चिऊ पुढच्या वर्षी फ्रेंच सुरू करणार आहे आणि पाहुणीसाठी आपली खोली द्यायला आत्तापासून तयार आहे.

बाबा, हिटलरच्या काळाबद्दल मुलांना काय सांगतात, असंही तुम्ही विचारलं होतं. लपवत नाहीत. वरच्या वर्गांत इतिहासाच्या तासांना तो काळ सविस्तर शिकवतात आणि मुलांना त्या जागांवर घेऊन जातात. आमच्या शहराच्या उत्तर रेल्वे स्थानकाजवळ जुने रूळ तसेच ठेवले आहेत. १ डिसेंबर १९४१ ला तिथून सुमारे हजार ज्यू माणसांना गाडीत कोंबून लाटवियातल्या रिगाला पाठवलं, आणि त्यांतले फारच थोडे वाचले. २००६ पासून तिथे स्मारक आहे, शेजारच्या भिंतीवर नावं आहेत. त्यांत याच गल्ल्यांतली, यांच्याएवढी मुलंही होती, हे मुलांना तिथे उभं करून सांगतात. याच शहरातल्या एबरहार्ड-लुडविग्स गिम्नाजियुममध्ये क्लाउस फॉन श्टाउफेनबर्ग शिकले, ज्यांनी १९४४ मध्ये हिटलरला मारण्याचा प्रयत्न केला. आणि फ्रिट्स बाउअरही तिथलेच, ज्यांनी पुढे सरकारी वकील म्हणून आउशवित्स या नाझी छळछावणीतल्या गुन्हेगारांना कोर्टात उभं केलं. आपल्याच देशाची लाज मुलांच्या हातात द्यायला मोठं धैर्य लागतं. मला या शाळेबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. तुमची तयारी असेल तर एका सकाळी आपण तिथे जाऊ.

आता कामाचं. शूलफेस्टला प्रत्येक घरानं काहीतरी करून न्यायचं असतं. ते विकून आलेले पैसे पालकांच्या साहाय्यक मंडळाकडे जातात, आणि ज्यांना सहलीचा खर्च झेपत नाही त्यांना त्यातून गुपचूप मदत होते. मी तुझ्या नावावर नारळाच्या वड्या लिहून टाकल्या आहेत आई. उन्हात टिकतात आणि फ्रिज लागत नाही. दूध, गहू, अंडं, सुका मेवा यांपैकी काय घातलंय ते कागदावर लिहून ताटाशेजारी ठेवायचं असतं, कारण ॲलर्जीची मुलं असतात. काजू घालू नकोस. वेलदोडे तिकडूनच आण, इथले महाग आणि वासाला कमी.

इतर मुलांचे फोटो काढायचे नाहीत, पालकांची परवानगी लागते. आपल्या चिऊचे हवे तितके काढा. वेळ अकराची म्हणजे अकराचीच. भेटल्यावर हात पुढे करतील, तोही द्या आणि नमस्कारही करा, दोन्ही चालतं.

मुख्याध्यापिकाबाईंनी बाबांना जत्रेच्या आदल्या दिवशी अर्धा तास दिला आहे. भारतातल्या खेड्यातली शाळा कशी चालते हे त्यांना ऐकायचंय, वसतिगृहाचं आणि कमवा व शिका योजनेचं विशेष. मी दुभाषी म्हणून बसेन. काय सांगायचं, काय विचारायचं ते कागदावर काढून पुढच्या रविवारच्या फोनआधी पाठवा, म्हणजे मला जर्मन शब्द शोधून ठेवता येतील. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट आणा.

चिऊचा दोघांना साष्टांग नमस्कार. जावयांचाही.

तुमची लेक