सोप्या मराठीत कायद्याची माहिती: पैसे हवेत, वकील हवेत आणि वाचून बघणारी माणसंही हवीत

नमस्कार मंडळी,

कोर्टाचं नाहीतर सरकारी ऑफिसचं पाकीट घरी आलं की बऱ्याच घरांत ते कपाटात जातं, कुणीतरी शिकलेलं आलं की दाखवू म्हणून, आणि ते कुणीतरी येईपर्यंत मुदत निघून गेलेली असते. आमच्या मदत केंद्रावर येणाऱ्या बऱ्याच लोकांची बाजू खरी असते, कागदपत्रं पण असतात, फक्त यायला उशीर झालेला असतो. म्हणून आपण साध्या भाषेत छोटी माहितीपत्रकं काढतोय, एका विषयाला एक, आणि सगळी फुकट वाटायची. त्यासाठी हे आवाहन.

चेक बाउन्सचंच घ्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळलं की 30 दिवसांच्या आत समोरच्याला लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला 15 दिवस असतात, आणि तरी दिले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार. आता समोरचा गोड बोलून "थोडं थांबा, पुढच्या महिन्यात नक्की देतो" म्हणतो आणि आपला माणूस थांबतो, तिथेच घात होतो. उशिराचं सबळ कारण असेल तर तक्रार उशिरा घ्यायचा अधिकार कोर्टाला आहे, पण नोटीसच वेळेत गेली नसेल तर पुढचं सगळंच अडतं. दिवाणी दाव्याचं समन्स आलं तर 30 दिवसांत लेखी म्हणणं द्यायचं असतं, कोर्ट फार तर ते 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं, आणि गेलातच नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. या गोष्टी वकिलांना तोंडपाठ असतात, पण ज्याच्या हातात पाकीट पडतं त्याला कोण सांगणार?

म्हणून आमच्या पत्रकात सगळ्यात वर मुदत, त्याखाली आज काय करायचं, मग कुठे जायचं, आणि कलम नंबर अगदी शेवटी. बाकी इतिहास, व्याख्या वगैरे नाही.

सोपं लिहायचं म्हणजे अर्धवट लिहायचं असं मात्र नाही, आणि आमचा सगळा वेळ यातच जातो. मुलींच्या वाटणीचं पत्रक करताना हे नीट कळलं. "वडील 2005 च्या आधीच वारले, मग तुझा वाटा कुठला" असं सांगून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. सुप्रीम कोर्टाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलंय की वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, 9 सप्टेंबर 2005 ला, म्हणजे मुलींना मुलांइतका हक्क देणारी कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असायलाच हवेत असं नाही. एवढंच छापलं तर वाचायला छान वाटतं, पण 20 डिसेंबर 2004 च्या आधी रजिस्टर दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली वाटणी मोडत नाही, हे पण सांगायलाच हवं, नाहीतर एखादी ताई आपल्या पत्रकावर विसंबून खर्चात पडेल. हे दोन्ही एका पानात बसवायचं, तेही चौथी शिकलेल्या मावशींना कळेल असं, याला खरंच वेळ लागतो हो.

शिवाय कायदे बदलत राहतात. 1 जुलै 2024 पासून फौजदारी कायदे नवीन आले, त्यामुळे जुन्या पत्रकांमधले कलम नंबर सगळे बाद झाले. आता कुठल्याही पोलिस स्टेशनला, हद्द आमची नाही असं असलं तरी, दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलिस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) खबर नोंदवता येते आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. नोंदवून घेतच नसतील तर पोलिस अधीक्षकांना पोस्टाने लिहून पाठवायचं. ग्राहक तक्रारीत पण असंच, जिल्हा ग्राहक आयोगाकडे किती रकमेपर्यंतची तक्रार चालते ती मर्यादा आधी 20 लाख होती, मग 1 कोटी झाली आणि 2021 च्या शेवटी 50 लाखांवर आणली. मोजायची पद्धतही बदलली, आता वस्तूसाठी किंवा सेवेसाठी तुम्ही किती दिले ते धरतात. 5 लाखांपर्यंत फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पण ती 2 वर्षांच्या आत. जुनं पत्रक वाटण्यापेक्षा न वाटलेलं बरं, म्हणून दर बदलाला परत छपाई करावी लागते आणि शिल्लक गठ्ठे रद्दीत जातात. खर्चाचं मोठं कारण हेच आहे.

तर पैसे लागणार आहेत छपाईसाठी (टाइप मोठा ठेवतोय, वयस्कर लोक वाचतात) आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोबाइलवर ऐकायच्या रेकॉर्डिंगसाठी. रक्कम कितीही चालेल, पावती मिळेल, हिशोब फलकावर लावू. 80जी ची नोंदणी आपल्याकडे अजून नाही, त्यामुळे टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, हे देण्याआधीच माहीत असू द्या.

वकील मंडळींना विनंती, पैसे नकोत, मजकूर तपासून द्या. प्रत्येक पत्रक दोन वकिलांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचं नाही असं ठरलंय. पत्रकावर कुणाचंही नाव येणार नाही, बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलांना जाहिरात करता येत नाही, त्यामुळे काळजी नको.

आणि सगळ्यात जास्त गरज आहे ती ज्यांना कायद्यातलं काहीच कळत नाही अशा लोकांची! कच्चं पत्रक वाचायचं आणि मग आम्हाला सांगायचं की असं पाकीट तुमच्या घरी आलं तर उद्या सकाळी तुम्ही काय कराल. उत्तर चुकलं तर चूक आमच्या लिहिण्याची, आम्ही ते परत लिहिणार. भाजीवाल्या ताई, रिक्षावाले दादा, आजी-आजोबा, कुणीही या.

एक गोष्ट आधीच सांगतो, आम्ही केस लढवत नाही आणि एकेकाच्या प्रकरणात सल्लाही देत नाही, फक्त माहिती देतो. वकील हवा असेल तर तालुका विधी सेवा समितीत किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 ला फोन करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि अटकेत असलेल्यांना उत्पन्न किती आहे हे न बघता तिथे मोफत वकील मिळू शकतो. लाजू नका, 1987 च्या कायद्याने दिलेला हक्क आहे तो.

पुढचं पत्रक भाडेकराराचं आहे. मसुदा तयार आहे, वाचणारे हवेत. केंद्रात येऊन नाव द्या, येणं जमत नसेल तर शेजारच्या कुणाच्या हाती निरोप पाठवा, मसुदा आम्ही घरी आणून देऊ.

आपले,
मदत केंद्रातले सगळे कार्यकर्ते