प्रोग्राम चालतो, उत्तर चुकते

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सी ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर पायथन ही दुसरी भाषा आठवड्याभरात येते, असे इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या कोचिंग क्लासेसमध्ये सर्रास सांगितले जाते. लिहायची पद्धत येतेही, पण हाताची वळणे सी-चीच राहतात. कंस किंवा कोलन राहिला तर पायथन जागीच अडवतो, त्याची काळजी नको. काळजी आहे ती प्रोग्राम बिनतक्रार चालवून चुकीचे उत्तर देणाऱ्या सवयींची, आणि नेमक्या त्याच शिकवल्या जात नाहीत.

यादी चढत्या क्रमात आहे का, हे तपासायचे आहे. घटकांचे क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणून सी-वाला लूप (तेच काम फेऱ्याफेऱ्यांनी करणारा भाग) शून्यापासून फिरवतो आणि ए या यादीतल्या आय क्रमांकाच्या घटकाची, म्हणजे ए[आय] ची, तुलना आधीच्या ए[आय-१] शी करतो. सी-त ए[-१] ही ॲरेबाहेरची (सी-तल्या यादीबाहेरची) जागा, तिथे बहुधा कचरा मिळतो आणि चूक कधीतरी उघडी पडते. पायथनमध्ये -१ म्हणजे शेवटचा घटक! ३, ५, ९ या यादीत पहिल्याच फेरीला ३ ची तुलना ९ शी होते आणि उत्तर येते 'चढती नाही'. झिप(ए, ए[१:]) लिहून शेजारच्या घटकांच्या जोड्या घेतल्या तर इंडेक्सची, म्हणजे घटकाच्या क्रमांकाची, गरजच उरत नाही.

तीन ओळी, चार रकान्यांचा शून्यांचा तक्ता [[०]*४]*३ असा करणारेही पुष्कळ. यात ओळ एकच असते, तिला तीनदा दाखवलेले असते. एक घर बदलले की तिन्ही ओळींत बदलते. त्याऐवजी [[०]*४ फॉर आर इन रेंज(३)] लिहावे, म्हणजे प्रत्येक ओळ वेगळी तयार होते. मुळात सी-त एक स्ट्रक्चर (अनेक किमतींचा एकत्र गठ्ठा) दुसऱ्याला = ने दिले की प्रत होते. पायथनमध्ये बी = ए केल्याने यादीला फक्त दुसरे नाव मिळते; प्रत हवी तर ए.कॉपी() म्हणावे लागते, आणि तीही वरवरचीच असते, आतल्या याद्या सामाईकच राहतात.

फॉर या लूपच्या आत आय वाढवून फेऱ्या गाळायची सवयही इथे चालत नाही. पुढच्या फेरीला आय ला रेंजमधली पुढची किंमत मिळतेच. तिथे व्हाइल हा दुसरा लूप वापरावा.

पायथनकडून सी-कडे असा उलटा प्रवासही आता वाढला आहे, कारण सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथनच आहे. ही मुले इंजिनीअरिंगला सी लिहिताना ७/२ चे ३.५ धरून बसतात, मिळतात ३. घड्याळात मागे जाताना -१ % २४ (२४ ने भागल्यावरची बाकी) पायथनमध्ये २३ येते, सी-त -१. तिथे आधी २४ मिळवावे लागतात. दहा इंटांचा (पूर्णांकांचा) ॲरे फंक्शनला देऊन आत साइझऑफने, म्हणजे बाइट मोजून, लांबी काढली, तर ६४ बिटांच्या यंत्रावर ८ भागिले ४, म्हणजे २ येते. फंक्शनपर्यंत ॲरे नव्हे, पॉइंटर, म्हणजे ॲरेचा फक्त पत्ता, पोचलेला असतो. जीसीसी हा सी-चा कंपायलर याबद्दल वॉर्निंग देतो, पण वॉर्निंग वाचतो कोण?

क्लासचालकांना आणि प्रॅक्टिकलच्या परीक्षकांना विनंती, की या पाच-सहा ओळी दोन्ही भाषांत फळ्यावर लिहाव्यात, आधी उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि मगच एंटर दाबू द्यावा. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी -७ भागिले २ विचारावे: सी-त -३, पायथनच्या // या पूर्णांक भागाकाराने -४.

आपला,
एक संगणक प्रशिक्षक
राजेंद्रनगर, इंदूर